करारपत्राच्या पलीकडे

(चिंचवड येथे पदव्युत्तर विभागांतील प्राध्यापक, लघुउद्योजक आणि पालक यांच्या एकत्रित बैठकीत झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)



ज्या नगरीत आज आपण जमलो आहोत, तिची ओळख दोन प्रकारे करून दिली जाते. एक ओळख पवनेच्या काठावरील मोरया गोसावींच्या समाधिस्थानाची आणि चापेकर बंधूंच्या वाड्याची. दुसरी ओळख पिंपरीच्या पेनिसिलिनपासून चाकणच्या मोटारींपर्यंत पसरलेल्या कारखान्यांची. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या नगरीला तिसरी ओळख लाभली आहे आणि ती उच्च शिक्षणाची आहे. निगडी, आकुर्डी, पिंपरी, ताथवडे, तळेगाव अशा साऱ्या परिसरात अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यक आणि व्यवस्थापन या शाखांची महाविद्यालये उभी राहिली. त्यांपैकी अनेकांत पदव्युत्तर विभाग आहेत, पीएच.डी.ची संशोधन केंद्रे आहेत. आज मला विचारायचा आहे तो प्रश्न एवढाच की, या दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळखीचा एकमेकींशी संबंध किती? कारखान्याचे फाटक आणि महाविद्यालयाची भिंत समोरासमोर असताना, त्यांमधील रस्ता ओलांडणारी माणसे किती?

पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण यांतील फरक आधी स्पष्ट केला पाहिजे. पदवीचा विद्यार्थी ज्या प्रश्नाचे उत्तर शोधतो, ते उत्तर त्याच्या शिक्षकाला माहीत असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याकडून, निदान शेवटच्या वर्षात, ज्याचे उत्तर कोणालाच माहीत नाही अशा एखाद्या छोट्याशा प्रश्नाला हात घालण्याची अपेक्षा असते. त्यासाठी त्याला तीन गोष्टी लागतात. खरा प्रश्न लागतो, त्या प्रश्नाच्या तोलाची साधने लागतात, आणि त्या प्रश्नात आयुष्य घालवलेल्या माणसांचा सहवास लागतो. या तिन्ही गोष्टी एका छताखाली असलेले महाविद्यालय आपल्या देशात विरळा. म्हणून बाहेरच्या संस्थांशी भागीदारी हा पदव्युत्तर विभागाचा अलंकार नव्हे, ती त्याच्या अस्तित्वाची अट आहे.

ताम्रपट आणि सामंजस्य करार

शिक्षणसंस्था बाहेरच्या आधारावर उभी राहण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. नालंदेचे नाव आपण अभिमानाने घेतो, पण नालंदा चालत कशी होती याचा विचार फारसा करीत नाही. चिनी यात्रेकरूंनी लिहून ठेवले आहे की, आसपासच्या गावांचा महसूल या विद्यापीठाला लावून दिलेला होता. नवव्या शतकातील पालवंशीय राजा देवपाल याचा एक ताम्रपट नालंदा येथेच सापडला आहे. सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या भागातील, राजा बालपुत्रदेव याने नालंदेत एक विहार बांधला आणि त्याच्या निर्वाहासाठी देवपालाकडे गावे मागितली. देवपालाने पाच गावे दिली, चार राजगृह विषयातील आणि एक गया विषयातील. समुद्रापलीकडचा राजा, येथील राजा आणि विद्यापीठ अशा तीन पक्षांचा तो करारच म्हणावा लागेल.

या ताम्रपटाकडे मी एका वेगळ्या कारणासाठी आपले लक्ष वेधतो. त्यात गावांची नावे आहेत. उत्पन्न कशासाठी वापरायचे हे सांगितले आहे. भिक्षूंचा निर्वाह, आजाऱ्यांची औषधे, ग्रंथांचे लेखन, इमारतीची डागडुजी, असा खर्चाचा तपशील त्यात आहे. ‘परस्पर हिताच्या सर्व क्षेत्रांत सहकार्य करण्याचा उभय पक्षांचा मानस आहे’ अशा गोलमोल वाक्यावर देवपाल थांबला नाही.

आता आपल्याकडील चित्र पाहा. महाविद्यालयाच्या मूल्यांकनात कार्यरत करारांची संख्या विचारली जाऊ लागली, तेव्हापासून सामंजस्य करारांचे पीक आले. शाल, श्रीफळ, दोन्ही बाजूंच्या सह्या, छायाचित्र आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी. एका महाविद्यालयात मी अशा करारांच्या जाडजूड फायली पाहिल्या आहेत. त्यांतील एका करारावर बोट ठेवून मी विचारले, ‘या कंपनीत आपला संबंध कोणाशी आहे?’ ज्यांनी सही केली होती ते अधिकारी केव्हाच बदलून गेले होते. महाविद्यालयाचे प्राचार्यही बदलले होते. कागद तेवढा शिल्लक होता. त्यात कोणाचाही अप्रामाणिकपणा नव्हता. पण त्या कराराच्या मागे प्रश्न नव्हता, विद्यार्थी नव्हता, तारीख नव्हती आणि पैशाची तरतूदही नव्हती.

असे करार निर्जीव ठरतात आणि काही भागीदाऱ्या मात्र पिढ्यान् पिढ्या टिकतात, हे कशामुळे? याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही.

माटुंग्याचा धडा

१९३३ साली मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग सुरू केला. त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांना रंगाई आणि धुलाईचे शास्त्र जाणणारी माणसे हवी होती. म्हणून पहिले अभ्यासक्रम वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी यांचे होते, आणि बी.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्यांना त्यात प्रवेश होता. म्हणजे उद्योगाची गरज आणि पदवीनंतरचे शिक्षण यांची गाठ पायाभरणीतच पडलेली होती. १९४३ मध्ये हा विभाग माटुंग्याला आला आणि ‘यूडीसीटी’ या नावाने देशभर ओळखला जाऊ लागला. २००८ साली त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तीच आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी.

या संस्थेचे वैशिष्ट्य तिच्या इमारतीत नव्हते, माणसांच्या येण्याजाण्यात होते. रंगरसायनांचे अभ्यासक डॉ. के. वेंकटरामन १९३८ पासून १९५७ पर्यंत या विभागाचे प्रमुख होते. तेथून ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांच्यानंतर प्रयोगशाळेची धुरा आली ती डॉ. बा. द. टिळक यांच्याकडे, तेही माटुंग्याचेच. पुढे १९८९ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर संचालक झाले. त्यांचे पदवी आणि पीएच.डी.चे शिक्षण माटुंग्यालाच झालेले. विद्यापीठाचा विभाग आणि राष्ट्रीय प्रयोगशाळा यांच्यात माणसांचा असा ओघ वाहत राहिला.

तोच ओघ उद्योगाकडेही होता. डॉ. अंजी रेड्डी माटुंग्याला शिकले, पीएच.डी.साठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आले, आणि १९८४ साली त्यांनी स्वतःच्या नावाने औषधनिर्मितीची कंपनी उभारली. एकाच माणसाच्या चरित्रात विद्यापीठ, प्रयोगशाळा आणि कारखाना एकत्र आले.

प्रा. मनमोहन शर्मा हे या परंपरेचे मेरुमणी. केंब्रिजची पीएच.डी. घेऊन १९६४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते माटुंग्यात प्राध्यापक झाले. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. पण त्यांची खरी कमाई वेगळीच आहे. देशातील रसायन उद्योगाला त्यांनी सल्ला दिला आणि उद्योगाचे प्रश्न घेऊन ते वर्गात परतले. सल्लागार म्हणून कारखान्यात जाणारा प्राध्यापक आणि संशोधकांना घडविणारा प्राध्यापक ही दोन वेगळी माणसे नव्हती. २०२५ च्या जून महिन्यात त्यांचे विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी या संस्थेला १५१ कोटी रुपये देण्याचे जाहीर केले, आणि त्या रकमेला त्यांनी देणगी न म्हणता गुरुदक्षिणा म्हटले. रकमेचा आकडा बाजूला ठेवू. वर्गातले नाते पन्नास वर्षांनीही जिवंत असते आणि ते संस्थेच्या उपयोगी पडते, हे यातून घेण्यासारखे आहे. कोणत्याही करारपत्रात हे कलम घालता येत नाही.

गणेशखिंड ते खोडद

यावर कोणी म्हणेल की, रसायनाला बाजार आहे, पैसा आहे, म्हणून हे जमले. तर मग ज्याला बाजारात काडीचीही किंमत नाही अशा विषयाचे उदाहरण घेऊ.

पुणे विद्यापीठाच्या गणेशखिंड येथील परिसरात खगोलशास्त्राच्या दोन संस्था शेजारी शेजारी आहेत. एक विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८८ साली स्थापन केलेली ‘आयुका’, जिची उभारणी डॉ. जयंत नारळीकर यांनी केली. दुसरी टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, ज्याच्यामागे डॉ. गोविंद स्वरूप यांची दूरदृष्टी होती. दोन संस्थांचे अधिष्ठान वेगळे, निधीचे मार्ग वेगळे, अभ्यासाची रीतही वेगळी. असे असूनही दोन्ही संस्थांनी आपल्या नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी एकच पदव्युत्तर वर्ग चालविला. पहिल्या वर्षी दोन्हीकडील विद्यार्थी एकत्र बसतात, दोन्हीकडील प्राध्यापक त्यांना शिकवितात. कोणत्याही एका संस्थेला सर्व विषयांचे शिक्षक पुरविणे अवघड गेले असते. दोघींनी मिळून ते सोपे केले. आणि मुख्य म्हणजे, पुढे आयुष्यभर एकमेकांबरोबर काम करावयाची तरुण माणसे पहिल्याच वर्षी एका बाकावर बसली.

पुण्याहून नाशिकच्या रस्त्याने भोसरी आणि चाकण मागे टाकून पुढे गेले की, नारायणगावजवळ खोडद लागते. तेथे या केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण उभी आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतील १४ मध्यवर्ती भागात आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन भुजांवर पसरलेल्या. पोलादी तारांच्या जाळीची, वजनाने हलकी आणि खर्चात बसणारी तबकडी ही स्वरूप यांच्या चमूची कल्पकता. ज्या विषयाला बाजारात किंमत नव्हती, त्याने अभियांत्रिकीला केवढे तरी काम दिले. पुढे आंतरराष्ट्रीय ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या दुर्बिणीच्या नियंत्रण यंत्रणेची आखणी करताना याच केंद्राने पुढाकार घेतला आणि टाटा कन्सल्टन्सीसारखा उद्योग त्यात भागीदार झाला. २०२४ च्या प्रारंभी भारत सरकारने या प्रकल्पातील सहभागासाठी १,२५० कोटी रुपयांना मान्यता दिल्याचे आपण वाचले असेल. त्या बातमीच्या मागे अनेक दशकांची शेजारधर्माची साधना आहे.

आपल्या अंगणात

आता आपल्याच अंगणात येऊ. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना सुरू झाला. पेनिसिलिन देशात तयार व्हावे हा त्याचा हेतू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचे साहाय्य त्याला होते. तेथील संशोधन केंद्रात डॉ. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतील सूक्ष्मजीव तपासत होते. त्यांना मिळालेल्या एका जिवाणूचे शास्त्रीय नाव आहे ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. आपल्या पिंपरीचे नाव त्यात आहे. त्यापासून ‘हॅमायसिन’ हे बुरशीविरोधी प्रतिजैविक तयार झाले. स्वतंत्र भारतातील औषध संशोधनाचा हा मानाचा टप्पा आपल्या गावच्या मातीत घडला, आणि आपल्या किती मुलांना तो ठाऊक आहे?

पुढे हा कारखाना आर्थिक अडचणीत सापडला आणि १९९७ मध्ये आजारी म्हणून घोषित झाला. त्याच्या कारणांची चर्चा हा आजचा विषय नव्हे. आपल्यासाठी त्यातील विचार असा की, संशोधनाची परंपरा एकाच घरात राहिली, तर त्या घरावर संकट आले की परंपरेलाही आच लागते. ती शेजारच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या रूपाने रुजलेली असेल, तर घर बदलूनही ती जगते.

दुसरे उदाहरण टेल्कोचे. सुमंत मुळगावकर यांनी १९६६ च्या सुमारास पिंपरीत काम सुरू केले, ते वाहननिर्मितीने नव्हे. आधी प्रशिक्षण, यंत्रहत्यारे, साचे आणि अभियांत्रिकी संशोधन केंद्र यांची उभारणी झाली. येथून पहिले वाहन बाहेर पडले ते १९७७ मध्ये. सुमारे अकरा वर्षे माणसे आणि हत्यारे घडविण्यात गेली. या मेहनतीचे फळ केवळ एका कंपनीला मिळाले नाही. भोसरी आणि चिंचवडमधील अनेक लघुउद्योजकांनी हाताला वळण लावून घेतले ते अशाच मोठ्या कारखान्यांत. आजच्या भाषेत बोलायचे तर त्या टूलरूम हेच या परिसराचे पहिले तंत्रविद्यापीठ होते.

तिसरे उदाहरण ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ‘एआरएआय’चे. १९६६ साली वाहन उद्योग आणि केंद्र शासन यांनी मिळून ही संस्था उभी केली. तिचे मुख्य केंद्र पुण्यात वेताळ टेकडीवर आहे आणि चाकणलाही तिचे केंद्र आहे. वाहनाचे प्रदूषण मोजणारी, अपघाताच्या चाचण्या घेणारी साधने इतकी महाग असतात की, कोणत्याही एका महाविद्यालयाने ती विकत घेण्याचा विचारही करू नये. उलट या संस्थेला विद्यापीठाप्रमाणे पदवी देण्याची यंत्रणा नाही, आणि शिकलेली तरुण माणसे तर तिला व उद्योगाला सतत हवी असतात. म्हणून तिने वेल्लोरच्या व्हीआयटीसारख्या विद्यापीठांबरोबर संयुक्त एम.टेक. अभ्यासक्रम चालविले. वर्गातील अभ्यास एकीकडे आणि प्रत्यक्ष प्रकल्प चाचणीगृहात, अशी विभागणी झाली. एकाकडे जे उणे होते ते दुसऱ्याकडे होते. भागीदारीचे शुद्ध गणित ते हेच.

लहान कारखान्याचा प्रश्न

मोठ्या संस्थांचा मार्ग मोठ्या संस्था शोधतातच. मला काळजी वाटते ती आज येथे समोर बसलेल्या लघुउद्योजकांची.

१ एप्रिल २०२० रोजी देशात भारत स्टेज सहा ही प्रदूषण मानके लागू झाली, चारवरून थेट सहावर उडी मारून. त्या धक्क्यातून उद्योग सावरतो न सावरतो तोच विजेवर चालणारी वाहने आली. आकुर्डी येथे, जेथे एके काळी चेतक स्कूटर तयार होत असे, तेथे २०२२ पासून विजेच्या चेतकचा नवा कारखाना चालू झाला. नाव तेच, पण आतमध्ये पिस्टन नाही, झडप नाही, कार्ब्युरेटर नाही, सायलेन्सर नाही. हे सुटे भाग करून ज्यांनी घरे उभी केली, मुलांना शिकविले, दहा-वीस कुटुंबांना रोजगार दिला, त्यांनी पुढील पंधरा वर्षांत काय करायचे? हा प्रश्न केवळ त्यांचा नाही, साऱ्या नगरीचा आहे.

आणि येथे पदव्युत्तर विभागाला करण्यासारखे पुष्कळ आहे. एक उदाहरण देतो. विजेच्या वाहनातही गिअर असतात. इंजिनाच्या आवाजात जो गिअरचा आवाज आजवर झाकला जात होता, तो आता प्रवाशाला स्पष्ट ऐकू येतो. म्हणून दात्यांची घडण, त्यांचे ग्राइंडिंग, पृष्ठभागाची सफाई यांची अचूकता वाढवावी लागते. भोसरीतील गिअर करणाऱ्या कारखानदाराला हे कोण शिकविणार? दुसरे उदाहरण ॲल्युमिनियमच्या ओतकामाचे. मोटारीचे आवरण थंड ठेवण्यासाठी त्यातून पाणी खेळविले जाते. ओतकामात सूक्ष्म छिद्रे राहिली की ते पाझरते आणि सारा माल परत येतो. साच्याची रचना, धातूचे तापमान, दाब आणि वेग यांचा अभ्यास केला तर हे प्रमाण खाली आणता येते. एम.टेक.च्या विद्यार्थ्याला एका वर्षात झेपेल असाच हा प्रश्न आहे. विद्यार्थ्याला प्रबंध मिळेल, कारखान्याला उपाय मिळेल.

पण घडते काय? विद्यार्थी परदेशी नियतकालिकातून विषय उचलतो, संगणकावर त्याचे प्रतिरूप तयार करतो आणि प्रबंध बांधून ग्रंथालयात ठेवतो. त्याच वेळी रस्त्यापलीकडचा कारखानदार नाकारलेल्या मालाचा ढीग पाहत बसतो. दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो.

साधनांची अडचण आहे असे म्हणावे, तर चिंचवडमध्येच ऑटो क्लस्टर ही संस्था उभी आहे. केंद्र शासनाची योजना, महानगरपालिका आणि उद्योग यांच्या सहभागातून ती झाली. चाचण्या करण्याची, नमुना चटकन तयार करून पाहण्याची सोय तेथे आहे. महाविद्यालय आणि लघुउद्योग या दोघांनाही परवडेल अशी ती तिसरी जागा आहे. म्हणजे प्रश्न आहे, विद्यार्थी आहे, साधनही आहे. उणीव आहे ती या तिघांना एका टेबलाशी बसविणाऱ्या माणसाची.

करारात काय असावे?

म्हणून करार करूच नयेत असे मी म्हणत नाही. देवपालाच्या ताम्रपटासारखे ते नेमके असावेत, एवढेच म्हणतो. त्यात पाच गोष्टी असाव्यात असे मला वाटते.

पहिली गोष्ट, दोन माणसांची नावे. विभागाकडून एक आणि कारखान्याकडून एक. ही माणसे बदलली तर नवी नावे कोणी द्यायची, हेही लिहावे.

दुसरी गोष्ट, प्रश्न. एका पानात, मराठीत, शॉप फ्लोअरवरच्या माणसाला समजेल असा. जो प्रश्न एका पानात मांडता येत नाही, तो अजून आपल्याला समजलेला नाही.

तिसरी गोष्ट, विद्यार्थ्याचा सहवास. आठवड्यातून एकदा फेरी मारून हे काम होत नाही. निदान एक सत्र त्याने तेथे काढले पाहिजे. उलट दिशेची वाटही आता मोकळी झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ ही योजना आणली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षांचा उत्तम अनुभव असलेल्या व्यक्तीला, औपचारिक पदव्या नसल्या तरी, शिकविण्यासाठी बोलावता येते. त्याच वर्षीच्या पीएच.डी. नियमांनुसार नोकरी करणाऱ्याला, मालकाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन, अर्धवेळ पीएच.डी. करता येते. या दोन्ही दारांचा उपयोग आपल्या किती विभागांनी केला?

चौथी गोष्ट, हक्क. संशोधनातून काही नवे निघाले तर त्याचे पेटंट कोणाचे? येथे एक बारकावा ध्यानी ठेवला पाहिजे. पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी शोध परिषदेत वाचला किंवा छापला, तर त्याचे नावीन्य सामान्यतः संपते. म्हणून आधी तात्पुरत्या वर्णनासह अर्ज करावा. त्यानंतर संपूर्ण वर्णन देण्यासाठी कायद्याने १२ महिने मिळतात. अर्ज दाखल झाला की, तेवढ्या वर्णनापुरता विद्यार्थी आपला निबंध मोकळेपणे प्रसिद्ध करू शकतो. शिक्षणसंस्थांना पेटंट शुल्कात २०२१ पासून ८० टक्के सवलतही मिळते. शोधकर्ता म्हणून विद्यार्थ्याचे नाव मात्र कोणत्याही परिस्थितीत गाळले जाता कामा नये.

पाचवी गोष्ट, पैसा. कच्चा माल, चाचण्यांचे शुल्क, विद्यार्थ्याचे विद्यावेतन हे कोण देणार, ते आधीच ठरवावे. संकोचापोटी न बोललेला पैशाचा विषय पुढे भागीदारी मोडतो.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला असा की, यामुळे विद्यापीठ उद्योगाचे आश्रित होईल. ही भीती खोटी नाही. सहा महिन्यांत फायदा दिसेल तेवढेच संशोधन करायचे ठरविले असते, तर खोडदची दुर्बीण कधीच झाली नसती. म्हणून विभागाने सगळे बळ उद्योगाच्या प्रश्नांवर लावू नये, काही विषय केवळ ज्ञानासाठी राखून ठेवावेत. विद्यार्थी म्हणजे स्वस्तात मिळालेला कामगार नव्हे, याचीही काळजी घ्यावी. त्याला यंत्रावर माणूस कमी पडला म्हणून उभे केले जात असेल, तर मार्गदर्शकाने तेथे जाऊन ते थांबविले पाहिजे. प्रसंगी भागीदारी संपविण्याचे धैर्यही दाखविले पाहिजे.

दुसरा आक्षेप उद्योजकांचा. आमची गुपिते बाहेर जातील, असे ते म्हणतात. गुप्ततेचा करार करता येतो, आणि तो करावा. पण मी त्यांना नम्रपणे विचारेन की, जे तंत्र पुढील दहा वर्षांत कालबाह्य होणार आहे, त्याचे गुपित राखून हाती काय राहणार?

आपले काम

आपल्या परंपरेत ऋषिऋणाची कल्पना आहे. ज्ञान मिळाले ते फेडायचे कसे, तर पुढच्याला देऊन. शिक्षक हे ऋण वर्गात फेडतो. उद्योजकानेही ते फेडावे, आणि आपला कारखाना एका विद्यार्थ्यासाठी उघडणे हा त्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

येथे पालकही मोठ्या संख्येने आले आहेत. त्यांना एक विनंती करतो. मुलगा किंवा मुलगी एम.टेक. अथवा पीएच.डी. करू इच्छित असेल, तर ‘पॅकेज किती?’ हा प्रश्न पहिला विचारू नका. तो तिसरा किंवा चौथा विचारा. आधी विचारा की, तू कोणत्या प्रश्नावर काम करणार, कोणाच्या हाताखाली, आणि त्या कामाची वाट कोण पाहत आहे? या तीन प्रश्नांची उत्तरे नीट मिळाली, तर चौथ्याची चिंता फारशी राहत नाही.

प्राध्यापक मित्रांना सांगणे असे की, पुढील सत्र सुरू होण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयापासून पायी जाता येईल अशा अंतरावरील पाच कारखान्यांत जाऊन या. करारपत्र घेऊन जाऊ नका, वही घेऊन जा. नाकारलेल्या मालाच्या पेटीजवळ उभे राहा आणि कारखानदाराला विचारा की, हे का परत आले? त्याच्या उत्तरात एखादा प्रबंध दडलेला असण्याची शक्यता मोठी आहे. आणि उद्योजक बांधवांना विनंती की, असा कोणी प्राध्यापक दारात आला, तर त्याला चहा पाजून कार्यालयातूनच परत पाठवू नका, आत न्या.

एका वर्षात एका विभागाने एक कारखाना आणि एक प्रश्न एवढे जरी धरले, तरी या परिसरातील विभागांची संख्या पाहता ते काम लहान राहणार नाही. मूल्यांकनासाठी फाइल हवी असेल तर तीही त्यातूनच तयार होईल, आणि तिच्यातील प्रत्येक कागदावर ज्याचे नाव आहे, तो माणूस दूरध्वनीवर भेटेल.